पोटखराबा

"तुला द्यायचं काय राहिलंय म्हणशील, तर तो पोटखराबा," असं अण्णा म्हणाला आणि वहिनींच्या आधी मीच हसले.

आप्पा गेल्यावर वारसनोंदीत माझं नाव लागलं. आमच्याकडची रीत अशी, की बहिणीनं साडीचोळी घ्यावी, हक्कसोडपत्रावर सही करावी आणि मग माहेरी चार दिवस मानानं राहून यावं. मी भांडले नाही, वाटणीही मागितली नाही. नुसती सही केली नाही. अण्णा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. त्यानं ते फार मनाला लावून घेतलं नाही, आणि माझं नाव उताऱ्यावर त्याच्या नावाखाली गुपचूप बसून राहिलं.

गेल्या वर्षी त्याला एक अर्ज करायचा होता. आमच्या गटात नऊ एकर रान आणि वर चौदा आर, म्हणजे चौदाएक गुंठे, पोटखराबा आहे. सातबारा वाचायची वेळ ज्यांच्यावर आली नाही त्यांच्यासाठी सांगते: पोटखराबा म्हणजे गटाच्या पोटातली अशी जमीन, जी मोजणीच्या वेळी पिकाला नालायक ठरली. खडक, माळाचा उतार, ओढ्याचा काठ असं काहीबाही. तिच्यावर आकार, म्हणजे शेतसारा, बसत नाही. 'ब' वर्गातली जमीन रस्ता, पाणवठा, मसणवाटा अशा सार्वजनिक वापराची. 'अ' वर्गातली आपलीच, पण खराब. या 'अ' वर्गाची जमीन दुरुस्त करून पिकाखाली आणली, तर अर्ज करून ती लागवडीयोग्य क्षेत्रात लावून घेता येते. क्षेत्र वाढलं की पीककर्जाला, विम्याला, उद्या रस्त्यात गेली तर मोबदल्याला, सगळ्याला फरक पडतो. त्या अर्जावर माझी सही हवी होती.

मी म्हटलं, बघून येते आधी.

आमचं गाव सोलापूर-बार्शी रस्त्यावरून आत. रान तीन तुकड्यांत उतरत जातं आणि सगळ्यात वर, जिथं काळी माती संपून मुरूम उघडा पडतो, तिथं हा चौदा आरांचा तुकडा. त्याच्या खालच्या अंगाला एक ताल, म्हणजे मातीचा उंच बांध, आहे. बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामावर गावच्या बायाबापड्यांनी डोक्यावर माती वाहून घातलेली. आमची आईही त्या कामावर होती. पन्नास वर्षांत ती ताल बसून बसून छातीइतकी उरलीय. तिच्यावर बोर आहे, दोन हिवरं आहेत, तरवडाची झुडपं आहेत, उन्हाळ्यात पाय ठेवू देत नाही असं कुसळ आहे. कुणीच काही लावलेलं नाही. आलंय ते आलंय.

आणि तिथं तित्तर आहेत. लहानपणी पहाटे जाग यायची ती त्यांच्या ओरडण्यानं. आधी एक जण दबक्या आवाजात सुरुवात करतो, मग दुसरा उत्तर देतो, आणि मग सगळ्या माळावर "कतीतर, कतीतर" असा गोंधळ. कुणीतरी कुणालातरी हिशेब विचारतोय आणि समोरचा मानायला तयार नाही, असा तो आवाज असतो.

तित्तर काही दुर्मिळ पक्षी नाही. त्याच्यासाठी कुणी मोर्चा काढणार नाही, पोस्टाचं तिकीट काढणार नाही. वेदाच्या एका शाखेला मात्र त्याचं नाव आहे. याज्ञवल्क्यानं गुरूवर रागावून ओकून टाकलेलं यजुर्वेदाचं ज्ञान बाकीच्या शिष्यांनी तित्तिर पक्षी होऊन टिपलं, म्हणून ती तैत्तिरीय. आमच्या आबांना, म्हणजे आजोबांना, ही गोष्ट ठाऊक असण्याची शक्यता नव्हती. त्यांना तित्तर ठाऊक होता तो रश्श्यातला.

हे लिहायला जरा अवघड वाटतं, पण खरं आहे. आबा फासे लावत. घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फास, बारीक खुंट्यांना बांधून ओळीनं मांडलेले. ते त्यांनी एका पारध्याकडून शिकून घेतले होते. ताल ही त्यांची खास जागा. सुगीनंतर, थंडीत, महिन्यातनं एखाद-दोन वेळा घरात तित्तर शिजायचा आणि आम्हा पोरांना वाटीवाटी रस्सा मिळायचा. पण पाऊसकाळात ते फाशाला हात लावत नसत. तालीवर गुरं चारू देत नसत. उन्हाळ्यात सगळं गाव बांध पेटवायचं, आमची ताल मात्र नाही. शेजारच्या रानातल्या गड्यानं एकदा विडीची काडी टाकली, तर आबा त्याच्या अंगावर धावून गेल्याचं अण्णाला अजून आठवतं. त्यांना पाखरांची दया येत होती अशातला भाग नाही. त्यांना पुढच्या थंडीत परत खायचे होते.

ही गोष्ट मी बरीच वर्षं गंमत म्हणून सांगायचे. तिच्यात गमतीपेक्षा जास्त काही आहे हे मला एका पावसाळ्यात, स्वतःच्या चुकीमुळं कळलं.

आई आजारी होती तेव्हा मी जवळजवळ वर्षभर गावी राहिले. अण्णा द्राक्षबागेच्या मागं. वरचा तुकडा माझ्याकडं. मी तिथं उडीद टाकला. आता उडदात तण होतंच, पण माझं लक्ष तालीकडं. तालीवरचं गवत उडदात उतरतं, बियाणं पसरतं, असं मला कुणीतरी सांगितलं होतं. नव्यानं शेती करणाऱ्याला स्वच्छतेचं फार वेड असतं. मी एक गडी लावला आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात सबंध तालीवर आणि तिच्या पायथ्याला तणनाशक मारून घेतलं. वहिनी एवढंच म्हणाल्या, "वन्सं, तालीवर कशाला? तिथं काय पेरायचंय?" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आठवड्यात ताल पिवळी पडली, पंधरवड्यात तांबूस. त्याच दिवसांत एक तित्तराची जोडी पिलं घेऊन तिथं हिंडत होती. सकाळी मी हिवराखाली दगडावर बसायचे तेव्हा दिसायची. पिलं कसली, रेघारेघांचे मातकट गोळे, पाय फुटलेले. अंड्यातून निघाल्या दिवशीच पळायला लागतात. मादी एखादं ढेकूळ पायानं उकरायची आणि बाजूला व्हायची, की सगळी पिलं तिथं तुटून पडायची. पहिल्या दिवशी मी सात मोजली. दोन वेळा मोजली, सातच.

चार-पाच दिवसांनी पाच होती. त्याच्या पुढच्या आठवड्यात दोन.

मुंगूस असेल, कावळे असतील, रात्री पडलेला पाऊस असेल. सगळं असू शकतं, आणि मी काही अभ्यासक नाही. पण त्या सकाळी मी उठून मादी जिथं उकरत होती तिथं बसले आणि काडीनं तशीच ढेकळं उलटायला लागले. करपलेल्या गवताखाली काही नव्हतं. मुंग्यांची एक ओळ तेवढी. मग ओढ्यापलीकडं, जिथं औषध पोचलं नव्हतं तिथं जाऊन तेच केलं. पहिल्याच ढेकळाखाली वाळवी, दुसऱ्याखाली एक काळा भुंगेरा आणि दोन अळ्या, आणि गवतात पाय घातला तर बारीक नाकतोडे चहूकडं उडाले. मोठा तित्तर बी खातो, धान्य खातो, कशावरही भागवतो. पिलांना मात्र पहिले काही दिवस किडेच लागतात. दाणे पचवायचं त्यांचं पोट अजून व्हायचं असतं. मी त्यांच्या ताटातलं अन्न काढून घेतलं होतं, तेही उडदासाठी नाही, नीटनेटकं दिसावं म्हणून.

पुण्याला परतल्यावर मी याबद्दल वाचत बसले, आणि वाचता वाचता इंग्लंडात जाऊन पोचले.

तिथं एक ग्रे पार्ट्रिज नावाचा पक्षी आहे. आपल्या तित्तरालाही जुन्या इंग्रजी पुस्तकांत हेच नाव दिलेलं सापडतं, पण तो निराळा; लांबचा भाऊबंद म्हणा. एकेकाळी तो तिथल्या गव्हा-जवाच्या शेतांतला नेहमीचा पक्षी होता आणि त्याची शिकार हा जमीनदारांचा मोठाच सोहळा असायचा. १९५० नंतर तो झपाट्यानं कमी व्हायला लागला. सगळ्यांना वाटलं कोल्हे वाढले असतील, नाहीतर हवामान वाईट असेल. डिक पॉट्स नावाच्या शास्त्रज्ञानं १९६८ साली ससेक्सच्या टेकड्यांवरच्या शेतांत मोजदाद सुरू केली. पाखरं मोजलीच, पण पुढं दर जूनला पिकातले किडेही यंत्रानं शोषून घेऊन मोजायला सुरुवात झाली. हे काम अजून चालू आहे. कुणी पन्नासपेक्षा जास्त वर्षं एकाच शिवारातले किडे मोजत राहतं, ही कल्पनाच मला फार आवडली.

त्यातून निघालेलं उत्तर आता जगजाहीर आहे. विषबाधा होऊन पाखरं मरत नव्हती. तणनाशकानं तण गेलं, तणावर जगणारे किडे गेले, आणि किड्यांवाचून पिलं उपाशी मेली. जोडीला कुंपणाच्या झुडपांच्या रांगा तोडून शेतं मोठी केली गेली होती, म्हणजे घरटं करायला आडोसा राहिला नाही. आणि शिकारीच्या जमिनी राखणारी माणसं कमी झाल्यावर कोल्ह्या-कावळ्यांचं फावलं. तिन्ही मिळून त्या पक्ष्याची संख्या तिथं दहातली एकही उरली नाही. म्हणजे माझ्या तालीवरचं सात, पाच, दोन हे कुणीतरी सबंध देशाच्या मापात आधीच मोजून ठेवलं होतं.

पण मला खरी गंमत वाटली ती पुढच्या भागाची. उपाय शोधायला पैसा कुणी दिला, तर शिकाऱ्यांनी. शिकारीचे पक्षी राखण्यासाठीच एक संस्था होती, तिच्या लोकांनी शेतकऱ्यांबरोबर बसून दोन साध्या गोष्टी काढल्या. एक, पिकाच्या कडेची सहा मीटरची पट्टी फवारणीतून जवळजवळ वगळायची. पीक तिथंही घ्यायचं, फक्त रुंद पानांचं तण थोडं राहू द्यायचं. पिलांना किडे तिथं मिळतात. दुसरी गोष्ट ऐकून मात्र मी एकटीच मोठ्यानं हसले. मोठ्या सपाट शेताच्या मधोमध नांगरानं दोन्ही बाजूंनी माती लोटून एक उंचवटा करायचा, हात-दीड हात उंच, दोनेक मीटर रुंद, आणि त्यावर झुपक्यांचं गवत लावायचं. थंडीत त्या गवतात भुंगेरे राहतात, उन्हाळ्याच्या तोंडाला पिकात उतरून मावा खातात, आणि पाखरांना घरट्याला जागा होते. त्याला ते म्हणतात बीटल बँक, भुंगेऱ्यांची बँक. इतकं संशोधन करून, विद्यापीठाची मदत घेऊन, साहेबानं बांध शोधून काढला होता.

एक फरक होता. त्या बांधाची दोन्ही टोकं शेताच्या कडेपासून मोकळी ठेवतात, म्हणजे ट्रॅक्टरला वळता येतं आणि शेताचे दोन तुकडे होत नाहीत. आणि तो ठेवल्याबद्दल शेतकऱ्याला सरकारी योजनेतून पैसे मिळतात. अमेरिकेत तर १९८५ च्या शेती कायद्यापासून हलकी, धुपणारी जमीन दहा-पंधरा वर्षं गवताखाली ठेवायची आणि सरकारनं तिचं वार्षिक भाडं द्यायचं, असा करारच करतात. तिथं मुळात माती वाचवायची आणि धान्याचा डोंगर कमी करायचा होता. पण त्या गवतात फेझंट नावाचे शिकारीचे पक्षी वाढले आणि शिकारी त्या योजनेचे सगळ्यात मोठे पाठीराखे होऊन बसले. तिकडं बांधाला भाडं मिळतं आणि आपल्याकडं बांधावरून भाऊ भावाचं डोकं फोडतो. दरवर्षी नांगराचं एक तास पलीकडं सरकवायचं, बांध कोरत न्यायचा, शेवटी मधे नुसती हद्दीची खूण उरते. कोर्टात चाललेल्या शंभर भांडणांत तित्तराची बाजू मांडणारा एकही वकील नसतो.

आपल्याकडं शिकाऱ्याचा हा रस्ता बंद आहे, आणि तो उघडा असं मी मुळीच म्हणत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तित्तर, लावे, पखुर्ड्या हे सगळे 'छोट्या शिकारी'च्या यादीत होते, परवाना काढून मारता येत. १९९१ ला शिकार कायद्यानंच बंद झाली. चांगलंच झालं. आपल्या एवढ्या गर्दीच्या देशात बंदुकीच्या भरवशावर पाखरं राखायची म्हणजे बोकडाच्या राखणीला लांडगा. पण त्यानं एक झालं. आबांसारख्या माणसाला ज्या कारणासाठी ताल राखावीशी वाटायची ते कारण गेलं, आणि त्याच्या जागी दुसरं कुठलंच आलं नाही. पक्षी मारायचा नाही, त्याची अंडी-घरटी मोडायची नाहीत हे कायद्यानं सांगितलं. पक्षी जिथं राहतो ती जागा नांगरायची की नाही, याबद्दल कायदा खाजगी रानात काही बोलत नाही. जेसीबीनं सबंध ताल उचलून खड्ड्यात घातली तर तो गुन्हा नाही, जमीन सुधारणा आहे.

अन् कायदा बोलला की काय होतं, तेही आमच्याच भागानं पाहिलंय.

आमच्यापासून जवळ नान्नज. तिथल्या माळावर माळढोक आहे हे १९७२ च्या सुमाराला बाहेरच्या जगाला कळलं. पुढं १९७९ ला माळढोक अभयारण्य झालं, तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. एवढं मोठं, की त्यात गावं होती, बाजारपेठा होत्या, लोकांची पिढीजात रानं होती. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके. जमिनीचे व्यवहार अडले, परवानग्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. ज्यानं उभ्या जन्मात माळढोक पाहिला नव्हता त्याच्याही रानावर माळढोकाची सावली पडली. शेवटी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन ते क्षेत्र कमी करून बाराशे चौरस किलोमीटरच्या घरात आणलं गेलं. तोवर ज्या माणसांच्या शाळवात तो पक्षी चरायचा त्यांच्याच मनातून तो उतरला होता. शाळू, करडई, मधे पडीक माळ, या सगळ्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या राहत आला होता. मग बोअर आले, ऊस आला, द्राक्षं आली, माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या. आता नान्नजला एखादा माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते.

त्यामुळं मी जेव्हा अण्णाला म्हटलं, की वन खात्याला एक अर्ज तरी देऊ, वरच्या तुकड्यात तित्तर आहेत, पावसाळ्यात लावऱ्याही असतात, बघू काही योजना असली तर. तेव्हा तो चहाची बशी खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिला.

"हे बघ," तो म्हणाला, "तुला पाखरं ठेवायची तर ठेव. पण पाखराचं नाव कागदावर येऊ देऊ नको. एकदा कागदावर आलं की पाखरू बी जातं अन् रान बी."

मी त्याच्याशी वाद घातला, पण मनात नाही.

मग आम्ही हिशेब केला. अण्णा हिशेबाला पक्का आहे आणि मी बँकेत एकतीस वर्षं काढलीत. चौदा आर म्हणजे जवळपास चौदा गुंठे. कोरडवाहू शाळू एकरी सहा क्विंटल धरला तर गुंठ्याला पंधरा किलो, चौदा गुंठ्यांत दोन क्विंटल. तेही चांगल्या मातीत. इथं मुरूम आहे, निम्मं धरा. ज्वारीच्या काळात त्या तालीची आणि माळाची किंमत घराला वर्षाला एक पोतं ज्वारी अन् थोडा कडबा एवढीच होती. म्हणून तर ती टिकली. आबांना ती राखणं परवडत होतं. एका पोत्याच्या बदल्यात चार-सहा वेळचा रस्सा आणि गुरांना आडवेळेचं गवत.

आता ठिबक आहे. खालच्या विहिरीतलं पाणी वर नेऊन, तळ्याचा गाळ आणून पसरला, तर तिथं ऊस होऊ शकतो. एकरी चाळीस टन म्हणजे गुंठ्याला टन. टनाला तीन हजारांच्या आसपास धरले तर चौदा गुंठ्यांचे चाळीसेक हजार. खर्च वजा करा, पहिल्या वर्षीचा गाळ आणि जेसीबी वजा करा, तरी मागं काही उरतं. ताल जागची हललेली नाही, पाखरंही तीच आहेत, पण उसानं त्यांचं भाडं वीसपट केलं. शेतकऱ्याला पाखरं नको झालीत असं म्हणणाऱ्यांना हा हिशेब दाखवावासा वाटतो. त्याला पाखरांचं काही नाही. त्याच्या दारात जे पीक येऊन उभं राहिलंय ते बांधाची किंमत ठरवतं.

"बरं," मी म्हटलं, "मी देते भाडं. अमेरिकेत सरकार देतं, इथं मी देते. ज्वारीच्या दरानं."

"उसाच्या दरानं दे," अण्णा म्हणाला. मग त्यालाच कसंतरी वाटलं. "जाऊ दे. बहिणीकडनं बांधाचं भाडं घेतलं म्हणून गावात तोंड दाखवायचं का मी?"

वहिनी आतून म्हणाल्या, "पुण्यात पेन्शन घेऊन पाखरं सांभाळणं सोपं असतंय, वन्सं." बोलल्या त्या सहज, पण मला ते लागलं आणि लागायलाच हवं होतं. त्यांनी द्राक्षाचं कर्ज पाहिलंय, गारपिटीनं झोपलेली बाग पाहिलीय. मी तालीवर बसून सकाळची पिलं मोजते तेव्हा त्या खाली मजुरांच्या भाकरी थापत असतात.

वाशीम-अकोल्याकडं संवेदना नावाच्या संस्थेनं फासेपारधी समाजालाच बरोबर घेऊन माळ राखायचं काम केलंय, तणमोरासाठी. पावसाळ्यात हा पक्षी गवतातून उंच उडी मारतो, क्षणभर दिसतो आणि परत बुडतो. मादीला दाखवायचं असतं ना. ज्यांच्या आज्यापणज्यांना पाखराची खडान्‌खडा माहिती फाशासाठी होती, त्यांनी तीच माहिती राखणीला वापरली. तणमोरासाठी राखलेल्या गवतात तित्तर आणि लावेही आलेच. मला ते फार पटतं. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्यानं ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं त्या लोकांकडं माळाचं सगळ्यात बारीक ज्ञान होतं, आणि आबांनी त्यातलं घोड्याच्या केसाचा फास बांधण्यापुरतंच उचललं. पण तिथं समाज आहे, संस्था आहे, चराईचे माळ आहेत. आमच्याकडं आहेत चौदा आर आणि दोन भावंडं.

त्या खेपेला मी तीन दिवस राहिले. जाताना अण्णाला म्हटलं, सही करते. पण अर्जात ताल आणि तिच्या वरचे चार आर नको. ते असू दे पोटखराब्यातच. उरलेल्या दहा आरांचं तुला काय करायचं ते कर. आणि फवारताना तालीच्या कडेची दोन तासं सोडून फवार. त्यानं डोकं खाजवलं. "चार आर सोडल्यावर वर पाइप न्यायचा खर्च निघतोय का ते बघावं लागंल." त्याला हे उदात्त बिदात्त वाटलं नाही, आणि त्यानं तसं दाखवलंही नाही. कागद वहिनींनी देव्हाऱ्याच्या फडताळात ठेवला, माझ्या सहीचा, खाडाखोड केलेला.

मधे तो अर्ज पुढं गेलाच नाही. जेसीबीवाला येऊन बघून गेला, म्हणाला खाली कातळ आहे, बकेटनं भागणार नाही, ब्रेकर लावावा लागेल. ब्रेकरचा ताशी दर ऐकून अण्णानं त्याला चहा पाजून परत पाठवलं. म्हणजे यंदा ती पाखरं वाचली, ती ना माझ्या सहीमुळं ना आबांच्या जिभेमुळं, ब्रेकरच्या दरामुळं. पुढच्या वर्षी गावात दुसरा ब्रेकर आला आणि दर पडला, तर काय, हे मला आजही सांगता यायचं नाही. तालीच्या कडेची दोन तासं मात्र त्यानं सोडली होती. मी विचारलं नाही, वहिनींनी सांगितलं. वर म्हणाल्या, "तिथं कुंदा माजलाय सगळा." तक्रार होती की खबर, ते कळलं नाही.

गेल्या आठवड्यात अण्णाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं, बोरं लागायला सुरुवात झालीय म्हणाला, मग एकदम:

"तुझ्या कोंबड्या परवा खालच्या हरभऱ्यात होत्या. उगवता हरभरा उकरत होत्या. अकरा मोजल्या मी."

"अकरा?"

"अकरा. आता नुकसान कुणाकडं मागायचं?"

"पोटखराब्याच्या मालकिणीकडं."

"मग ये संक्रांतीला पैसे घेऊन," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.